पाणी थोडं रेंगाळलं तर: ओढ्याकाठचं गवत, मराठवाड्याचे पूर आणि विहिरीतलं नायट्रेट

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा पहिल्या फेरीत साधारण पाच लाख लिटर पाणी होतं. आता एक हिशोब करू. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारदरबारी अतिवृष्टी लागते. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर पाणी होतं, म्हणजे एक टँकर. ६५ मिलिमीटरचे ६५ टँकर, साडेसहा लाख लिटर. अडीच एकराच्या एका वावरावर अतिवृष्टीच्या दिवशी पडलेलं पाणी त्या रेल्वेच्या पहिल्या फेरीत मावलं नसतं. आणि ज्या वर्षी ही रेल्वे धावली, त्याच वर्षी पावसाळा सरता सरता लातूर-नांदेड भागात नद्यांना पूर आले.

सप्टेंबर २०२५ मध्ये तर हद्द झाली. सीना, मांजरा, सिंदफणा, गोदावरी, एकही नदी पात्रात राहिली नाही. परंडा तालुक्यात माणसं हेलिकॉप्टरने काढावी लागली. सोयाबीन गेलं ते गेलंच, पण अनेकांच्या वावरातली मातीच गेली, खाली मुरूम उघडा पडला. पंचनाम्यात त्याला 'जमीन खरडून जाणे' म्हणतात. पाणी ओसरल्यावर मागण्या सुरू झाल्या त्या नेहमीच्याच: नदी खोल करा, भिंत बांधा, नाला सरळ करा. हवामान आणि पाणी या विषयांवरच्या चर्चेत मात्र दुसरा एक शब्द वारंवार ऐकू येतो: नैसर्गिक पायाभूत सुविधा. ही काय भानगड आहे, आपल्या काळ्या रानात ती कितपत चालते आणि कुठे चालत नाही, ते पाहू.

## मुळात हे आहे काय?

धरण, कालवा, सिमेंटचा बंधारा, पूरसंरक्षक भिंत या माणसाने बांधलेल्या पायाभूत सुविधा. पाणी धरण्याचं, वळवण्याचं, गाळण्याचं तेच काम माती, गवत, झाडं आणि पाणथळ जागा करतात तेव्हा तज्ज्ञ त्यांना नैसर्गिक पायाभूत सुविधा म्हणतात. नाव भारदस्त आहे, म्हणून इथून पुढे मी 'हिरवी कामं' म्हणेन. डोंगरउतारावरचं गवत आणि समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले चर), गवत धरलेले बांध, ओढ्याच्या दोन्ही काठांना न नांगरलेला पट्टा, गावाखालची पाणथळ, नदीच्या वळणाला पूर पसरायला सोडलेली मोकळी जागा, हे सगळं त्यात आलं.

यातलं बरंच काही दोन पिढ्यांपूर्वी शिवारात होतं. ते कुणी योजना आखून केलेलं नव्हतं, त्यामुळे जुन्या लोकांच्या शहाणपणाचे गोडवे गाण्याचं कारण नाही. बैलाचा नांगर ओढ्याच्या अगदी कडेपर्यंत नेता येत नव्हता, म्हणून कड राहायची. घरात दहा जनावरं होती, म्हणून गायरान राहायचं. पुढे वाटण्या झाल्या, जनावरं कमी झाली, ट्रॅक्टर आला आणि कड नांगरली गेली. आज मांजराकाठी कित्येक ठिकाणी ऊस थेट पात्राच्या ओठावर उभा दिसतो.

## पाणी किती, यापेक्षा किती वेळात

लग्नात पाचशे माणसं जेवायची आहेत आणि वाढपी दहा आहेत. पाच पंगती बसल्या तर सगळं सुरळीत होतं. पाचशेच्या पाचशे एकदम मांडवात घुसले, तर स्वयंपाक भरपूर असूनही दाराशीच चेंगराचेंगरी होते. माणसं तेवढीच, भात तेवढाच. नदीच्या पुराचं गणित असंच आहे.

आकडे घालून पाहू. एक हजार हेक्टरचं शिवार आहे आणि १०० मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे १०० कोटी लिटर. त्यातलं ६० टक्के पाणी वाहून निघालं असं धरू. ते चार तासांत ओढ्यातून बाहेर पडलं तर प्रवाह साधारण १,४७० क्युसेक होतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. तेच पाणी २४ तासांत सावकाश निघालं तर प्रवाह सुमारे २४५ क्युसेक. पाण्याचा एक थेंबही कमी केलेला नाही, फक्त त्याला रेंगाळायला लावलं, तर लोंढा सहापट लहान झाला. पहिल्या प्रवाहात पूल पाण्याखाली जातो, दुसऱ्यात पुलावरून शाळेची गाडी जाते. प्रत्यक्षात इतका फरक पडत नाही, पाणी काही असं सारखं वाटून वाहत नाही. पण दिशा हीच.

हिरव्या कामांचा पुराशी संबंध इथे येतो. उभ्या गवतातून, वळणावळणाच्या ओढ्यातून, मुळांनी धरलेल्या काठाला घासत जाणारं पाणी हळू चालतं. उघड्या, सरळ, गुळगुळीत चारीतून ते पळत सुटतं.

## काळी माती जूनमध्ये एक, सप्टेंबरात दुसरी

बाहेरच्या देशातली उदाहरणं वाचून 'पाणी जिरवा' म्हणणाऱ्यांचा इथे घोळ होतो. आपली माती वेगळी आहे. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जूनचे पहिले पाऊस त्या भेगा गटागटा पितात, ओढ्याला पाणीसुद्धा येत नाही. मग चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि पुढे तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी आत जातं. पाऊस मात्र कधी कधी तासाला चाळीस-पन्नास मिलिमीटरने कोसळतो. वरून, मातीखाली बेसाल्टचा काळा पाषाण. मुरमाच्या थरात आणि खडकाच्या फटींत जेवढी जागा तेवढंच पाणी साठतं.

म्हणून सप्टेंबरात, रान तुडुंब प्यालेलं असताना, 'जिरवणं' जवळपास संपलेलं असतं. गवत आणि झाडं तेव्हा पाणी अडखळवतात आणि माती धरून ठेवतात, एवढंच. एवढंच म्हटलं तरी ते थोडं नाही.

याच कारणाने भारी काळ्या जमिनीत समतल बांध घालून पाणी तुंबवायचं काम जपून करावं लागतं. पाणी साचलं की सोयाबीन पिवळं पडतं, जमीन चिबडते आणि भेगाळलेला बांध फुटतो. वरचा एक फुटला की खालचे चार घेऊन जातो. भारी जमिनीत ढाळीचे बांध घालतात: किंचित उतार ठेवून जादा पाणी गवत लावलेल्या चारीने ओढ्यापर्यंत सोडायचं. शेताच्या आत रुंद वरंबा-सरी, म्हणजे बीबीएफ. वरंब्यावर सोयाबीनच्या ओळी, बाजूने सरी. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघतं आणि वरंब्यावर वाफसा, म्हणजे मुळांना हवाही मिळेल एवढीच ओल, टिकतो. खंड पडला तर सरीत मुरलेली ओल कामाला येते. परभणीचं कृषी विद्यापीठ हे वर्षानुवर्षं सांगतंय. यंत्र भाड्याने मिळतं तिथे लोक वापरतातही. नाही मिळत तिथे पाभर आणि सपाट पेरणी.

समतल चर आणि गवत यांची खरी जागा वर आहे, बालाघाटच्या डोंगरउतारांवर, माळावर, गायरानात. तिथे माती हलकी, मुरमाड, पाणी आत घेणारी. 'माथा ते पायथा', म्हणजे आधी वर काम आणि मग खाली, ही पाणलोटाच्या (ज्या भागातलं पाणी एकाच ओढ्याला मिळतं त्या भागाच्या) कामातली जुनी ओळ आहे. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीत नव्वदच्या दशकात हीच ओळ धरून काम झालं आणि आज ते गाव द्राक्षासाठी ओळखलं जातं. बहुतेक गावांत मात्र काम पायथ्यापासून सुरू होतं आणि तिथेच संपतं, कारण जेसीबी पायथ्याला पोचतो.

## आणि तो जेसीबी

नाला खोलीकरण हा मराठवाड्यातला सगळ्यात लोकप्रिय जलसंधारण कार्यक्रम आहे. दुष्काळात त्याने काही गावांना हात दिला, हे खरं. साठलेला गाळ काढून तलावाची पोटं मोकळी करणं आणि तो गाळ हलक्या रानावर टाकणं, म्हणजे २०१७ पासूनची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना, चांगलीच आहे. हिरव्या कामांशी तिचं भांडण नाही.

भांडण आहे ते ओढा सरळ, उभ्या काठाचा आणि दोन्ही बाजूंची झाडी काढून गटारासारखा करण्याशी. काठावरचे करंज, जांभूळ, निर्गुडी, शिंदी, लव्हाळ्याची बेटं उपटली की काठ सुटा होतो. त्यावरच मातीचे ढीग लावलेले असतात. पहिल्या मोठ्या पावसात ते ढीग पुन्हा पात्रात. वळणं काढून टाकल्यामुळे पाणी वेगाने निघतं, आपल्या शिवारातून लवकर जातं, आणि खालच्या गावाला सगळ्या ओढ्यांचा लोंढा एकाच वेळी भेटतो. त्या पाचशे जणांना आपणच दार उघडून आत ढकललेलं असतं. काम झालेलं गाव फोटो काढतं, खालचं गाव पंचनामे करतं.

ओढा मोकळा करायचाच असेल तर मधली गाळाची बेटं आणि वेडी बाभूळ काढावी, काठाला हात लावू नये. काठ उभा कापण्याऐवजी तिरका ठेवावा आणि पावसाच्या तोंडावर त्यावर वाळा, हरळी, मारवेल लावून घ्यावं. पोकलेनच्या तासाच्या भाड्यापुढे हा खर्च किरकोळ असतो, पण त्याचं उद्घाटन होत नाही.

## पाणी स्वच्छ होतं म्हणजे नेमकं काय होतं?

जोराच्या पावसानंतर एखाद्या शेताच्या खालच्या कोपऱ्याला जाऊन उभे राहा, जिथे सगळ्या सऱ्यांचं पाणी ओढ्याला मिळतं. कड नांगरलेली असेल तर तिथे गुडघाभर ओघळ पडलेला दिसेल आणि पाणी काळपट गढूळ. शेजारच्या शेताला हरळीची पाच-सात फुटांची कड असेल तर तिथेही बघा. गवताच्या वरच्या अंगाला बोटभर जाडीचा मऊ गाळ पंख्यासारखा पसरलेला असतो, त्यात सोयाबीनचा पालापाचोळा, काडीकचरा, गेल्या वर्षीच्या तुरीची धसकटं अडकलेली. पाणी गवतात शिरलं, वेग मोडला, जड कण खाली बसले.

तो गाळ म्हणजे नुसती माती नसते. डीएपी खताच्या पोत्यातून टाकलेलं स्फुरद (फॉस्फरस) चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटून राहतं, काही कीटकनाशकंही. माती थांबली की तीही थांबतात. नाही थांबली तर ती धरणात जातात आणि पाण्यावर हिरवा तवंग आणि जलपर्णी पोसतात. म्हणजे खत आपण विकत घ्यायचं आणि पीक जलपर्णीचं.

नत्राची (नायट्रोजनची) गोष्ट वेगळी. युरियातलं नत्र जमिनीत नायट्रेट होतं आणि नायट्रेट मीठ-साखरेसारखं पाण्यात विरघळतं. ते गाळाबरोबर थांबत नाही, मुरणाऱ्या पाण्याबरोबर थेट विहिरीत, बोअरमध्ये उतरतं. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असतं. पिकाच्या तोंडी त्यातलं बऱ्याचदा निम्म्याहून कमी लागतं. उरलेलं हवेत, ओढ्यात आणि भूजलात. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या सर्वाधिक नायट्रेटग्रस्त १५ जिल्ह्यांची यादी आहे, त्यात नांदेड आणि बीड आहेत. जास्त नायट्रेटचं पाणी तान्ह्या बाळांना सगळ्यात घातक, त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. चवीला, रंगाला, वासाला काही कळत नाही. आणि पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं.

हिरवी कामं इथे निराळ्या तऱ्हेने मदत करतात. ओढ्याकाठच्या ओलसर, पालापाचोळ्याने भरलेल्या, हवा कमी असलेल्या मातीत असे जिवाणू असतात जे प्राणवायूच्या जागी नायट्रेट वापरतात. त्यातून ते नत्र वायू करून हवेत सोडतात, ज्या हवेत तो आधीच ७८ टक्के आहे. खोल मुळांची झाडंही काही नायट्रेट उचलतात. मात्र अट अशी की पाणी त्या मातीतून गेलं पाहिजे. पाइप किंवा चारी टाकून शेतातलं पाणी सरळ ओढ्यात सोडलं, किंवा ते खडकाच्या फटीतून खोल निघून गेलं, तर काठचा पट्टा नुसता बघत राहतो.

म्हणून मी नायट्रेटसाठी पट्ट्याला दुसरा नंबर देतो. पहिला नंबर मात्रेला. सोयाबीनला युरियाचा मारा करायची गरजच नसते, त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र बांधतात. कापसाला आणि उसाला युरिया एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावा. गावालगतच्या विहिरीत नायट्रेट जास्त निघालं तर युरियाआधी उकिरडा, शोषखड्डे आणि उघडी गटारं बघावीत. साखर कारखान्याचं किंवा डिस्टिलरीचं सांडपाणी ओढ्यात येत असेल तर त्यावर गवत लावणं म्हणजे चोराला पाट देण्यासारखं आहे. ते प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम, ते त्यांच्याकडूनच करून घ्यावं.

## ढगफुटी झाली तर गवत काय करणार?

हा आक्षेप रास्त आहे. सप्टेंबर २०२५ सारखा पाऊस दिवसामागून दिवस पडत राहिला, रान आधीच भरलेलं असलं, वरून धरणाचे दरवाजे उघडले, तर ओढ्याकाठच्या पट्ट्याने गोदावरीचा पूर थांबणार नाही. असं कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला फसवतोय. हिरवी कामं सगळ्यात जास्त उपयोगी पडतात ती दरवर्षी, दर दोन-चार वर्षांनी येणाऱ्या लहान-मध्यम पुरांत आणि लहान ओढ्यांवर. पाणलोट जेवढा मोठा आणि पाऊस जेवढा टोकाचा, तेवढा त्यांचा पुरावरचा परिणाम कमी.

दुसरी एक गोष्ट या विषयात फार कमी बोलली जाते. प्रत्येक ओढा हळू करणं नेहमीच चांगलं नसतं. नदीला आधी येऊन निघून जाणारा एखादा ओढा हळू केला आणि त्याचा लोंढा नेमका नदीच्या मुख्य लोंढ्याला गाठला, तर खालच्या गावाला त्रास वाढतो. म्हणून एका गावाने एकट्याने करण्यापेक्षा अख्ख्या पाणलोटाचा विचार करावा लागतो.

मोठ्या पुरातसुद्धा माती वाचते, हा मात्र मोठाच फायदा. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला एक प्रयोग इथे बघण्यासारखा आहे. तिथेही काळी सुपीक जमीन, तिथेही सोयाबीन आणि मका. शेताच्या दहा टक्के भागात तिथल्या मूळच्या गवताचे आणि फुलझाडांचे पट्टे लावले. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले: वाहून जाणारं पाणी ३७ टक्क्यांनी कमी, माती वीसपट जास्त टिकली, स्फुरद चौपटीहून जास्त. आपल्याकडचा पाऊस जास्त दांडगा आणि माती जास्त चिकण, तेव्हा हेच आकडे इथे येतील असं मी म्हणणार नाही. पण पाणी ३७ टक्के आणि माती वीसपट, हा फरक लक्षात घ्या. पट्टा पाण्यापेक्षा मातीला जास्त धरतो, आणि २०२५ मध्ये मराठवाड्यात कायमची गेलेली वस्तू मातीच होती.

## पट्ट्याची जागा कुणाच्या खिशातून?

चौकोनी एक एकर शेत असेल तर एक बाजू साधारण ६४ मीटर. ओढ्याच्या बाजूला तीन मीटरचा पट्टा सोडला तर जमीन जाते सुमारे १९० चौरस मीटर, म्हणजे दोन गुंठ्यांच्या आत. दोन एकरवाल्याला हे दोन गुंठेही जड असतात. वीस एकरवाल्याला नसतात, तरी तोच आधी कुरकुरतो, हा अनुभव सगळ्यांचाच आहे.

जमीन पूर्ण वाया जात नाही. मारवेल, पवना यांचा चारा कापता येतो, आणि शेळ्या-म्हशी असलेल्या घरात त्याची किंमत लगेच कळते. झाडांच्या सावलीची भीती असेल तर तीन मीटरच्या अरुंद पट्ट्यात झाडं लावूच नयेत, गवत पुरेसं आहे. झाडं ओढ्याच्या प्रत्यक्ष काठाला, तीही उत्तर काठावर जास्त लावली तर सावली पात्रावर कमी आणि काठच्या शेतावर जास्त पडते. म्हणून शेताचा विचार करता दक्षिण काठाचं शेत असेल तर त्याच्या उत्तर कडेला झाड परवडतं. शेत उत्तर काठाला असेल तर गवतावरच थांबलेलं बरं.

रानडुकरांचा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. दाट झुडपात डुकरं दडतात आणि रात्रीतून भुईमूग, मका उकरतात. साप निघतो म्हणून बाया काठाला खुरपायला जायला तयार नसतात. त्यामुळे शेतालगतचा पट्टा गुडघाभर ठेवून कापत राहावा आणि दाट झाडी डोंगरउतार, गायरान आणि नदीच्या वळणांपुरती ठेवावी.

पण खरी गाठ वेगळीच आहे. जमीन वरच्या शेतकऱ्याची जाते आणि फायदा बराचसा खालच्या गावाला, खालच्या शहराला होतो. वरच्याने ते पुण्य म्हणून करावं ही अपेक्षा बरोबर नाही. नेदरलँड्समध्ये १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर सरकारने ठरवलं की काही ठिकाणी नदीकाठचे बंधारे मागे घ्यायचे आणि नदीला पसरायला जागा द्यायची. एका भागात शेतकऱ्यांची घरं आणि गोठे मातीच्या उंचवट्यांवर नव्याने बांधून दिले आणि आजूबाजूची जमीन पुरासाठी मोकळी ठेवली. त्याचा खर्च सरकारने उचलला. आपल्याकडे शेतकऱ्याला पुरानंतर भरपाई मिळते, पूर पसरू दिल्याबद्दल मोबदला मिळत नाही.

## पाणी वरच अडलं तर धरण कसं भरणार?

हा प्रश्न दुष्काळी वर्षात हमखास येतो आणि तोही खोटा नाही. मराठवाड्यात पावसाळ्यात सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण कुठल्याही वर्षी तेवढा पडेलच याची खात्री नसते. मांजरासारख्या तुटीच्या खोऱ्यात वरच्या बाजूला सगळ्यांनी पाणी साठवलं तर कमी पावसाच्या वर्षी धरणात येणारा येवा घटू शकतो. लातूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही.

इथे साठवणं आणि सावकाश सोडणं यांतला फरक महत्त्वाचा. ताडपत्री अंथरलेलं शेततळं विहिरीतून उपसून भरलं तर ते पाणी एका माणसाचं होतं, आणि उन्हाळ्यात त्यातलं बरंचसं वाफ होऊन उडतं. अशा शेततळ्याला हिरवं काम म्हणता येत नाही, अनुदान मिळत असलं तरी. गवताचा पट्टा किंवा वळणाचा ओढा पाणी धरून ठेवत नाही, काही तास उशिरा सोडतो. थोडं जास्त पाणी मुरतं आणि त्यातलं काही पुढे झऱ्यांनी ओढ्यालाच मिळतं. शिवाय गाळ वरच थांबल्यामुळे धरणाचं पोट भरत नाही. वरच्या शिवारातली माती धरणात जाऊन बसली तर तेवढं पाणी कायमचं कमी मावतं, मग पाऊस कितीही पडो.

## ओढ्याची जागा कागदावर आहे

खूप गावांत ओढ्याला कड सोडायची म्हटलं की पहिला वाद हद्दीचा निघतो. गाव नकाशा काढून बघितला तर जुना ओढा आजच्यापेक्षा रुंद दिसतो. सातबाऱ्यावर 'पोटखराब' असा रकाना असतो, त्यातला वर्ग 'ब' म्हणजे ओढा, रस्ता अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा. ती कसली जात असेल तर तिथे पट्टा सोडणं म्हणजे दान नाही, ती जागा ओढ्याचीच होती. मोठ्या नद्यांना निळी आणि लाल पूररेषा असते, साधारण २५ वर्षांत एकदा आणि १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचं नसतं. तिथे प्लॉट पाडून विकलेले कुठल्याही तालुक्याच्या गावाला दिसतील, आणि पूर आला की पहिली बोट तिथेच लागते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने पूरग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि जमीन पुन्हा तयार करायला रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाख रुपयांपर्यंतची तरतूद होती. अशा कामात तलावातला गाळ आणून वावरात पसरायचा असतो. तो गाळ ज्या कडेने मागच्या वेळी वाहून गेला ती कड तशीच उघडी असेल, तर पुढच्या सप्टेंबरात तो त्याच वाटेने परत तलावात जाईल. कामाचं अंदाजपत्रक करतानाच खालच्या कडेला तीन मीटर वाळा किंवा मारवेल आणि जादा पाण्यासाठी गवताची चारी लिहून घ्यायला हवी. ठोंबं लावायला जून-जुलै हीच वेळ, मुळं धरायला पाऊस लागतो; पहिल्या वर्षी जनावरं राखावी लागतात, नाहीतर शेळ्या ऑगस्टच्या आत पट्टा साफ करतात. गावाच्या पुढच्या वर्षीच्या कामांचा आराखडा ग्रामसभेत ठरतो. तिथे नाला खोलीकरणाचा ठराव वाचला जाईल तेव्हा दोन प्रश्न विचारता येतील: काठाची झाडी ठेवणार का, आणि निघालेली माती नेमकी कुठे टाकणार?